वहीतले दहा आकडे आणि गभणे मॅडम

प्राध्यापक इंदुमती गभणे यांची आणि माझी पहिली भेट तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर झाली, आणि ती काही गोडीगुलाबीची नव्हती. दहा-अकरा वर्षं झाली असतील. आंधळगावच्या पलीकडे आमचं गाव, गावाच्या उशाला मोठा जुना तलाव, आणि त्या तलावात मासे धरून पोट भरणारे आम्ही ढीवर लोक. त्या सकाळी मी डोंग्यातून जाळं ओढून काठाला येत होतो, तर पाळीवर एक बाई वाकलेल्या दिसल्या. पायात कापडी बूट, खांद्याला झोळी, हातात शिंप्याची फीत. आमच्याकडे तलावाचं माप कोणी घेऊ लागलं की गाव धास्तावतं. एकतर कोणाचा तरी हक्क जातो, नाहीतर कोणाची तरी जमीन. मी पाण्यातूनच हटकलं, की कोणाला विचारून मापून राहिले. त्यांनी माझ्या प्रश्नाकडे लक्षच दिलं नाही. उलट मलाच विचारलं, तलावाचं पाणी रोज किती चढतं-उतरतं ते कोणी लिहून ठेवतं का.

मी म्हणालो, "तलाव का म्हैस होय, रोज मापाले?"

त्या म्हणाल्या, "म्हशीचं दूध रोज मोजता म्हणून घटलं की त्याच दिवशी कळतं. तलावाचं तुम्हाला फुटल्यावर कळेल."

मला राग आला. डोंगा बांधला आणि तडक घरी गेलो. पण दुपारी भाताचा घास तोंडात असताना तेच वाक्य आठवत राहिलं, आणि संध्याकाळी मी स्वतः होऊन पाळीवर गेलो. त्या अजून तिथेच होत्या.

मॅडमना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या विद्यार्थ्यांचे, डॉक्टरांचे, शास्त्रज्ञांचे लेख असणार. मी चौथी शिकलेला माणूस. पुढचं जे काही आलं ते आमच्या मच्छीमार सोसायटीच्या रजिस्टरातून, किराण्याच्या पुड्यांना बांधून आलेल्या वर्तमानपत्रांतून आणि मॅडमच्या सहवासातून. संपादकांनी माझ्याकडे 'तलावाच्या कामावर दोन पानं' मागितली. मी जास्त लिहितो आहे, त्याचं कारण सांगतो. मॅडमबद्दल आमच्या तालुक्यात एक गोष्ट सांगतात. पानठेल्यावर सांगतात, लग्नाच्या पंगतीत सांगतात. म्हणतात, शिकलेल्या मॅडमनं गणित मांडून तलाव भक्कम आहे म्हटलं, आणि एका अडाणी बाईनं नुसत्या डोळ्यानं बघून गाव वाचवलं. ही गोष्ट ऐकायला फार गोड आहे. ती खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे सांगू शकणारा माणूस गावात एकच आहे. तो मी.

आधी मॅडमचं काम सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं. निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला निघतात, या दुसऱ्यांच्या कामात शिरल्या. चिखल्याच्या खाणीत जमिनीखाली पाणी कसं साचतं, धानावर तुडतुडे कोणत्या पंधरवड्यात वाढतात, पवनीला सापडलेल्या जुन्या विटा किती वेगवेगळ्या साच्यांतल्या आहेत, असलं सगळं. मी एकदा विचारलं की मॅडम, तुम्ही नेमक्या कशाच्या डॉक्टर. त्यांनी माझ्याच घरची बुडाला गळकी बादली उचलली, नळाखाली ठेवली आणि म्हणाल्या, आत येतं किती, बाहेर जातं किती, आणि जाण्याचा वेग कशावर ठरतो, एवढे तीन प्रश्न मला विचारता येतात. मग ते पाणी असो, किडे असोत की तापाचे रोगी.

तापावरून आठवलं. एका दवाखान्याचे डॉक्टर काळजीत होते, की दर आठवड्याला ठराविक दिवशी तापाचे रोगी दुपटीनं वाढतात, आणि कारण सापडत नाही. मॅडमनी त्यांचे कागद घरी नेले नाहीत. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातातली थैली पाहिली. थैलीत कोथिंबीर, वांगी, सुकट. बाजाराचा दिवस. ताप त्या दिवशी वाढत नव्हता, गावाकडून येणारी माणसं वाढत होती. पवनीच्या विटांचंही तसंच. मुलांनी मापून आणलेले आकडे समोर असताना त्या स्वतः दोन दिवस उन्हात बसून विटा मोजत राहिल्या. ज्या आकड्याचा जन्म आपण पाहिला नाही त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही, असा त्यांचा कडक नेम. हा नेम त्यांनी आयुष्यात एकाच माणसासाठी मोडला, आणि त्या माणसानं काय केलं ते पुढे येतं.

आमच्या तलावाचं काम साधं होतं. पाळ मातीची, फार जुनी. पाळीच्या बाहेरच्या पायथ्याशी एका जागी पाणी झिरपत असे, म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यातून येतं तसं. मॅडमनी तिथे एक नळी बसवली आणि नळीखाली तेलाचा रिकामा डबा. रोज सकाळी दोन गोष्टी लिहायच्या. तलावात रोवलेल्या, खुणा केलेल्या खुंटावर पाणी कुठवर आहे, आणि डबा भरायला किती वेळ लागतो. तलाव चढला की डबा लवकर भरणार, उतरला की उशिरा. ही दोघांची जोडी कशी चालते हे दोन वर्षांच्या आकड्यांवरून त्यांनी कागदावर मांडलं. मला त्या चौकटीच्या कागदावर रेघ काढायला शिकवली. साठी उलटलेला मी, जीभ बाहेर काढून रेघ ओढायचो आणि घरची मंडळी हसायची.

एकदा त्या मला कॉलेजात घेऊन गेल्या. मी मागच्या बाकावर बसायला निघालो तर त्यांनी आपल्या शेजारी खुर्ची ठेवली आणि मुलांना म्हणाल्या, हे तुळशीराम वलथरे, माझे सहकारी. यांचे आकडे मी डोळे झाकून घेते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना बसमध्ये माझं मन भरून आलं होतं.

आठ वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझे थोरले बंधू गेले. धानाची रोवणी, म्हणजे लावणी, आटोपत आली होती आणि आमच्या सोसायटीनं तलावात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी मासोळी, नुकतीच सोडली होती. आमच्यात सुतक कडक पाळतात. दहा दिवस भावकीतलं कोणी तलावाच्या पाण्याला शिवत नाही. जाळं खुंटीवर, डोंगा काठावर पालथा. डबा आणि खुंट माझ्या डोक्यातून पार गेला. दुसऱ्या कोणाला सांगून ठेवावं हेही सुचलं नाही.

सुतक फिटल्यावर मी पाळीवर गेलो. पाणी खुंटावर चार बोटंच चढलं होतं. पण जो डबा भरायला तीन मिनिटं लागत, तो दीड मिनिटात भरला. मला वाटलं, भिजली असेल पाळ. आकडा लिहायला वही उघडली तर मागे दहा ओळी कोऱ्या. मला त्या पाहवल्या नाहीत. जाळ्यात भोक दिसलं की ढीवराचा हात आपोआप सुईकडे जातो, जाळं दुसऱ्याचं का असेना. मी बसलो आणि भरून टाकल्या. पहिल्या दिवशी तीन मिनिटांना जरा कमी, दुसऱ्या दिवशी आणखी जरा कमी, असं रोज सारखं सारखं उतरवत बरोबर दीड मिनिटाला आणून टेकवलं. अक्षरही नीट काढलं. मॅडमची वही फाटकी दिसू नये, एवढंच मनात होतं.

दोन दिवसांनी मॅडम आल्या. भावाच्या दुःखाचं विचारलं, वहिनींना भेटल्या, मग वही पाहिली. गावात कुजबुज होतीच की पायथ्याचं पाणी वाढलं. ग्रामपंचायतीत लोकांनी त्यांना विचारलं. त्यांनी समजावून सांगितलं, की पावसाळ्यात माती हळूहळू भिजते तसं झिरपणंही हळूहळू वाढतं. हे दहा-बारा दिवसांत थोडंथोडं वाढलेलं आहे. एका रात्रीत उडी मारून वाढलं असतं तर पाळीच्या आत पाण्याला वाट पडली असं समजून मी तुम्हाला उठवलं असतं. आता घाबरायचं कारण नाही. लोक निश्चिंत होऊन घरी गेले. मीही गेलो. त्या क्षणीसुद्धा माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही.

उजेड पडला तो आठवड्यानं, आणि तो वहिनीनं पाडला. पुढच्या तीन दिवसांत जोराच्या पावसाचा इशारा आला होता. त्यांचं घर पाळीच्या अगदी खाली, तिथल्या घरांच्या ओळीतलं तिसरं. सकाळी मी चहाला बसलो होतो. त्या सहज म्हणाल्या, "म्याडमनं सांगतलं म्हनून रायली बा घरी. नाई तं पोरायले घेऊन मी आंधळगावले भावाकडे चालली होती."

मॅडमनी सांगितलं, ते कशावरून? वहीवरून. वहीत काय? माझ्या मनचे दहा आकडे. कप तसाच ठेवून मी पाळीवर गेलो. खुंटावर पाणी होतं तिथेच होतं, आणि डबा सव्वा मिनिटात भरला. घड्याळ झटकून पुन्हा मोजलं. सव्वाच.

मी फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "म्याडम, वहीतले दहा दिवस माह्या मनचे आहेत."

त्यांनी विचारलं, "कोणते दहा?"

तासाभरात त्या ऑटोनं येऊन पोहोचल्या. आम्ही तुडुमावर बसलो. तुडुम म्हणजे तलावाचं पाणी शेताला सोडायची जुनी दगडी वाट. पायऱ्यापायऱ्यांची, दर पायरीला भोक आणि भोकात लाकडाचं बूच. वही मांडीवर घेऊन मॅडमनी पेन्सिलीनं त्या दहा आकड्यांभोवती चौकट काढली आणि तिच्यावर तळहात ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे झाकलं की मला काहीच माहीत नाही, तुळशीरामजी. पाळ भिजली असेल, किंवा आत वाट पडली असेल. आणि मी गावाला सांगून बसले आहे की झोपा."

मी म्हणालो की मी आत्ताच चावडीवर जाऊन सगळं सांगतो. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, आत्ता सांगाल तर लोक तुम्हाला धरून बसतील आणि पाणी तिथेच राहील. सांगायचं तेव्हा तुम्ही सांगा, माझ्या तोंडून तुमचं नाव निघणार नाही. आता ते दहा दिवस ज्यानं डोळ्यानं पाहिले असं माणूस मला हवं.

पाळीखाली पहिली बांधी, म्हणजे धानाचा तुकडा, पार्बताबाईचा. बाई त्या वेळी तिथेच गवत काढत होत्या. मी विचारलं तर त्यांनी सरळ कानावर हात ठेवले. मले का मालूम, मी का पान्याची राखन करतो का, म्हणून पाठ फिरवली. मला कळेना इतकं चिडायला काय झालं. मॅडम मात्र चिखलात उतरल्या, बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर त्यांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, पाणी कोणी घेतलं ते मी विचारत नाही. तुमच्या बांधीत कोणत्या दिवशी आलं तेवढंच सांगा."

पार्बताबाईंनी विळा खाली ठेवला. माझ्याकडे एकदा बघितलं. "यायचे भाऊ गेले ना, त्याच्या तिसऱ्या रोजी. आदल्या सांजेले बांधी कोरडी होती. सकाळी येऊन पायतो तं तुडुंब. मले वाटलं कोन्तरी तुडुमाचं बूच काढलं. मी बोलली असती तं माह्यावरच आलं असतं, का हिनंच चोरून पानी घेतलं. म्हनून गप रायली."

"पाणी दिसायला कसं होतं?"

"पयले चहावानी. दोन रोजानं साफ झालं."

मॅडम उठल्या. हात धुवायचंही भान नव्हतं. चहासारखं पाणी म्हणजे पाळीच्या पोटातली माती वाहून आली, हे मला त्यांनी चालता चालता सांगितलं. भिजलेली पाळ एका रात्रीत बांधी भरत नाही.

दुपारी ग्रामपंचायतीसमोर माणसं जमली. मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की तुडुमाची सगळी बुचं काढून तलाव अर्धा उतरवायला हवा, आणि पाळीखालची घरं आत्ता रिकामी करायला हवीत. कालवा उठला. रोवणीवाले म्हणाले, आश्विनात धान पोटरीवर येईल तेव्हा पाणी कुठून आणायचं. आमचे सोसायटीवाले म्हणाले, बोटुकली पाण्याबरोबर निघून जाईल आणि वर्षभर आम्ही तलावाकडे बघत बसू. दोघांचंही खरं होतं. सोसायटीचे अध्यक्ष बुधाजी, माझेच चुलत मेहुणे, जिभेचे तिखट. ते म्हणाले, "त्या दिवशी एक, आज एक. म्याडम, तुमचं गनित झोपेत कूस बदलते का?"

लोक हसले. मी तिसऱ्या ओळीत मान खाली घालून बसलो होतो.

मॅडम हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. "मी चुकले," त्या म्हणाल्या. "वहीतले आकडे रोज सारखेच उतरत होते. खरं माप असं उतरत नाही, त्यात कमीजास्त असतं. तीस वर्षं मी हेच शिकवलं, आणि माझ्या नजरेला ते दिसलं नाही. चूक माझी आहे. मला हवं ते म्हणा, पण आधी तुडुम उघडा."

शिकलेलं माणूस चारचौघांत असं बोलताना आम्ही पाहिलं नव्हतं. तेव्हा मागून पार्बताबाई पुढे आल्या आणि त्यांनी आपल्या बांधीचं सांगितलं, चोरीचा आळ येईल म्हणून गप राहिल्याचंही सांगितलं. मग सरपंचांनी फार वेळ घेतला नाही.

वरची बुचं सहज निघाली. खालची पाण्याखाली होती. माझा पुतण्या मंगल, ज्याचं घर त्या ओळीत, तो कमरेला दोर बांधून उतरला. पाण्याची ओढ अशी की दोर धरणाऱ्या चौघांचे पाय घसरत होते. तीन बुचं काढून तो वर आला तेव्हा ओठ निळे पडले होते. इकडे मॅडम डब्यापाशी घड्याळ घेऊन बसल्या. तलाव उतरू लागला की डबा सावकाश भरायला हवा, आणि तसं झालं नाही तर पाळीजवळ कोणी थांबायचं नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. मी लिहीत होतो. पहिलं माप सव्वा मिनिट. अर्ध्या तासानं एक मिनिटाला थोडं जास्त. मग एक मिनिट. तलाव उतरत होता आणि डबा लवकर भरत होता. नळीचं पाणी पुन्हा चहासारखं झालं.

मॅडमनी घरांकडे पाहून हात केला. वहिनी नातवाला कडेवर घेऊन निघाल्या, मागे शेळ्या, कोंबड्यांची टोपली, कोणाची शिलाई मशीन, कोणाचा धान्याचा ड्रम. सगळी ओळ शाळेत गेली. मी मॅडमना म्हणालो की तुम्हीही उठा, मी मोजतो. त्या म्हणाल्या, "आता दोघं मोजू. एक घड्याळ बघेल, एक लिहील." त्यांचे डोळे डब्यावरून हलले नाहीत. पुढचं माप एक मिनिटाला कमी. त्याच्या पुढचंही तेवढंच. त्याच्या पुढचं एक मिनिट. मी लिहिलं, पण माझा विश्वास बसला नाही. मग सव्वा. दिवस मावळता मावळता डबा दोन मिनिटांवर आला आणि पाणी निवळलं. तेव्हा मॅडमनी पहिल्यांदा पाठ ताठ केली आणि मला प्यायला पाणी मागितलं.

पाऊस आला, चांगला आला. तलाव पुन्हा चढला, पण जुन्या खुणेपर्यंत पोहोचला नाही. पाळ राहिली. उन्हाळ्यात दुरुस्तीला माती उकरली तेव्हा आत एका मेलेल्या झाडाची कुजलेली मुळी सापडली आणि तिच्या जागी खांद्यापर्यंत हात जाईल असं भगदाड. गावानं नारळ फोडला, पार्बताबाईंना लुगडं दिलं. ते योग्यच झालं. पण त्याबरोबर ती गोष्टही तयार झाली. मॅडमचं गणित फेल, पार्बताबाईची नजर पास. शेजारच्या गावात मॅडम असाच डबा लावायला गेल्या तर तिथल्या लोकांनी हीच गोष्ट सांगून त्यांना वाटेला लावलं. तिथली पाळ आमच्यापेक्षा जुनी आहे. आजही तिथे कोणी काही मोजत नाही.

मी दुसऱ्याच दिवशी बोलायला हवं होतं. आधी लाज होती. मग बोटुकली गेली म्हणून सोसायटीत माझ्यावर तोंड टाकतील ही भीती. मग लोक विसरतील असं वाटलं. लोक विसरले नाहीत, गोष्ट वाढत गेली आणि मी प्रत्येक पंगतीत पत्रावळीकडे बघत ती ऐकत राहिलो. पार्बताबाईंना आपल्या तोंडचं खरं सांगायला एक दुपार पुरली. मला आठ वर्षं लागली.

या आठ वर्षांत मॅडमनी एका शब्दानं मला टोचलं नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांनी वही परत माझ्या हातात दिली. चौकटीशेजारी त्यांच्या अक्षरात दोन शब्द होते, 'मोजलेले नाहीत'. कोणी, का, काही नाही. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पट्टी सुटेपर्यंत त्या रोज फोन करून मंगलकडून माप घ्यायच्या आणि संध्याकाळी तेच मला वाचून दाखवायच्या, कारण न ऐकता मला झोप लागत नाही हे त्यांना ठाऊक होतं. कॉलेजच्या मुलांसमोर त्या अजूनही मला सहकारी म्हणतात. फक्त 'डोळे झाकून' हे दोन शब्द त्यांनी पुन्हा उच्चारले नाहीत, आणि ते बरोबर आहे.

हा लेख छापायला देण्याआधी मी मॅडमना फोनवर वाचून दाखवला. शेवटी त्या म्हणाल्या, "ग्रंथ गावात येईल. लोक तुम्हाला काय म्हणतील, विचार केला का?"

मी म्हणालो, "म्हनू द्या. आठ वर्षं तुमी आयकलं, आता मी आयकतो."

तर वाचकहो, आमच्या तलावाचं गणित चुकलं नव्हतं. त्याला मी खोटं खाऊ घातलं होतं. खोटं कळल्यावर ज्यांनी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि तरी डब्यापाशी बसून राहिल्या, त्यांचा हा गौरव आहे. शेजारच्या गावच्या मंडळींनी हे वाचलं तर मेहेरबानी करून माझ्याकडे यावं. नळी कुठे बसवायची ते मी दाखवीन.

मॅडम, मी तुमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे, म्हणून आशीर्वाद देण्याचा मला हक्क आहे. तुमचे गुडघे पाळ चढण्याजोगे राहोत, नजर घड्याळाच्या बारीक काट्यावर ठरो, आणि तुम्हाला इतकं लांब, निरोगी आयुष्य मिळो की एखाद्या पंगतीत तुमच्याच शेजारी बसून कोणीतरी ही गोष्ट सांगायला लागेल आणि या वेळी ती खरी सांगेल. ती तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकावी.